कुत्र्याला भाकरी घालताना

उरलेली भाकरी दारातल्या कुत्र्याला घालण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. कुत्र्याला धान्य पचत नाही, असे काहीजण सांगतात. ते खरे नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की पिठूळ अन्न पचविण्याची कुत्र्याची शक्ती लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. माणसाच्या संगतीत राहिल्याचाच हा परिणाम.

मात्र काय घालतो, हे पाहिले पाहिजे. एका पावसाळ्यात आमच्या मुलांचा काळू दोन दिवस उलट्या करीत होता. डब्यातली बुरसलेली भाकरी मीच त्याला घातली होती. माणसाला नको, कुत्र्याला चालेल, हा माझा हिशेब चुकला. जनावरांच्या डॉक्टरांनी चांगलेच सुनावले. भाकरी पुन्हा भाजली तरी बुरशीचे विष पुरते जात नाही. मका, शेंगदाण्यावरच्या बुरशीचे विष तर यकृत निकामी करते. काळू थोडक्यात वाचला.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. भात, भाकरी, चपाती चांगली शिजलेली असावी. आंबवलेले कच्चे पीठ पोटात फुगते, ते देऊ नये. मीठ-तिखट नको. कांदा-लसूण शिजवलेलाही रक्त बिघडवतो, म्हणून फोडणीचा भात वा कालवण टाळावे. नुसत्या भाकरीवर कुत्रे पोसत नाही. सोबत उकडलेले अंडे किंवा बिनहाडाचे मटण थोडे द्यावे. शिजलेली हाडे आतड्यात रुततात. शेजारी स्वच्छ पाणी ठेवावे.

काल रात्रीची भाकरी चालेल, पण बुरसलेली नको. जे आपल्या मुलांच्या ताटात वाढणार नाही, ते मुक्या जनावरापुढेही टाकू नये.