वाऱ्यावरची वीज

सूर्य आणि वारा यांच्यापासून मिळणारी वीज भरंवशाची आहे काय, हा प्रश्न हल्लीं सुशिक्षित घरांतून पुष्कळदां निघतो. छपरावर सोलर पॅनेल बसवावीं कीं नाहीं, येथून चर्चेला आरंभ होतो आणि ती देशाच्या वीजपुरवठ्यापर्यंत जाऊन भिडते. वारा पडला तर काय? आभाळ भरून आलें तर काय? शंका रास्त आहे. परंतु तिचा निवाडा नुसत्या तर्कावर सोंपविण्यापेक्षां प्रत्यक्ष घडलेल्या एका अपघाताकडे आज पाहूं. हा अपघात २८ सप्टेंबर २०१६ रोजीं ऑस्ट्रेलियांतील दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्यांत घडला.

त्या दुपारीं राज्याला १,८२६ मेगॅवॅट वीज लागत होती. पैकीं ८८३ मेगॅवॅट पवनचक्क्यांची, ३३० गॅसवरील केंद्रांची आणि ६१३ शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यांतून येणारी होती. राज्यांतील शेवटचें कोळशाचें केंद्र त्याच वर्षीं मे महिन्यांत बंद झालें होतें. इतक्यांत प्रचंड वादळ आलें. वावटळींनीं विजेचे मनोरे उन्मळून पडले, तीन मुख्य तारमार्ग निकामी झाले, आणि दोन मिनिटांत जाळ्यांतील विद्युद्दाब सहा वेळां कोसळला. लगोलग नऊ ठिकाणच्या पवनचक्क्यांनीं सात सेकंदांच्या आंत ४५६ मेगॅवॅट वीज कमी केली. तो सारा भार व्हिक्टोरियाकडून येणाऱ्या तारांवर पडला. त्या अतिभारानें आपोआप अलग झाल्या, आणि ३ वाजून ४८ मिनिटांनीं साडेआठ लाख ग्राहकांची वीज एकदम गेली.

लोकांनीं निकाल तत्काळ देऊन टाकला : वारा लहरी, म्हणून अंधार. गंमत अशी कीं, त्या दिवशीं उणीव कशाचीहि असली तरी वाऱ्याची खचित नव्हती. चौकशींत निराळेंच निघालें. विद्युद्दाब क्षणभर खालीं गेला तर यंत्रानें तग धरावा अशी तजवीज पवनचक्कींत असते. मात्र असे धक्के थोडक्या वेळांत किती सोसावयाचे याची एक मर्यादा यंत्राच्या नियंत्रणांत आंखून ठेवलेली होती. मर्यादा ओलांडतांच यंत्रानें आपला हात आंखडता घेतला. ही मर्यादा जाळ्याचा कारभार पाहणाऱ्यांना ठाऊक नव्हती! पुढें ती बदलण्यांत आली, आणि त्यासाठीं एकहि पातें बदलावें लागलें नाहीं. गड्याला किती ओझें पेलतें हें न विचारतां गोणीवर गोणी चढवावी आणि तो खालीं बसला म्हणजे त्याच्या नांवानें बोटें मोडावीं, तशांतला हा प्रकार होता.

तथापि वाऱ्याच्या विजेचा एक खरा दुबळेपणा या प्रसंगीं उघडा पडला, आणि तो झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. कुंभार काठी काढून घेतो तरी चाक कांहीं वेळ फिरत राहतें. वाफेच्या व गॅसच्या केंद्रांतील अवजड जनित्रें अशींच फिरत असतात. पुरवठ्यांत अकस्मात् खंड पडला तर त्यांच्या अंगांतील वेग कांहीं क्षण जाळें सांवरून धरतो. आपल्याप्रमाणें तेथेंहि विजेचीं सेकंदाला ५० आवर्तनें राखावीं लागतात. त्या दिवशीं अशीं जड चाकें थोडीं असल्यानें आवर्तनें इतक्या झपाट्यानें घसरलीं कीं, कांहीं भागांचा पुरवठा तोडून बाकीचे वांचविण्याची जी आपोआप चालणारी योजना होती, तिला अवसरच मिळाला नाहीं. "वारा पडला तर?" या आक्षेपापेक्षां हा आक्षेप माझ्या मतें अधिक वजनदार आहे.

आतां जुन्या, विश्वासू म्हटलेल्या यंत्रांची गोष्ट. अंधारांतून जाळें पुन्हा चालू करण्यासाठीं दोन गॅस केंद्रांशीं करार केलेला होता. ऐन वेळीं दोघांनींहि दगा दिला. अॅडिलेडमधील एका मोठ्या रुग्णालयाचें राखीव जनित्र बंद पडून रुग्णांना हलवावें लागलें.

१ डिसेंबर २०१७ पासून हॉर्न्सडेल येथें १०० मेगॅवॅटची प्रचंड बॅटरी काम करूं लागली. त्याच महिन्याच्या १४ तारखेस व्हिक्टोरियांतील कोळशाचा ५६० मेगॅवॅटचा एक संच अकस्मात् बंद पडला, तेव्हां या बॅटरीनें क्षणार्धांत हात दिला. २०२१ मध्यें केवळ जड चाकांचें काम करणारीं चार यंत्रें तेथें बसविलीं. तीं स्वतः वीज निर्माण करीत नाहींत. बॅटरीचें स्तोम मात्र माजवूं नये. तिच्यांतील त्या वेळची सांठवण १२९ मेगॅवॅट-तासांची, म्हणजे पूर्ण जोरानें सव्वा तास पुरेल इतकी. आठवडाभर वारा पडला तर ती काय करणार? म्हणून गॅसचीं केंद्रें तेथें अजून ठेवलेलीं आहेत.

अधिक काळच्या सांठवणीचा नमुना आपल्या सह्याद्रींतच, घाटघरला आहे. तेथील २५० मेगॅवॅटचें केंद्र २००८ पासून चालतें. मागणी कमी असतांना खालच्या तलावांतील पाणी वर चढवावयाचें, मागणी वाढली कीं तेंच सोडून वीज घ्यावयाची. चढविण्यास लागते त्याहून कमी वीज परत मिळते, पण वेळेला मिळते.

मुंबईकरांना १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ स्मरत असेल. दहाच्या सुमारास शहराचा पुरवठा गेला, लोकलगाड्या वाटेंत उभ्या राहिल्या. बाहेरून वीज आणणारे तारमार्ग बंद पडले, आणि संकटांत मुंबईला अलग काढून आपल्यापुरती वीज पुरविण्याची जुनी योजनाहि टिकली नाहीं. शहराचीं स्वतःचीं केंद्रें कोळसा, गॅस आणि पाणी यांवर चालणारीं; सूर्याला किंवा वाऱ्याला दोष देण्यास जागाच नव्हती.

छपरावरील पॅनेलांविषयीं एक गोष्ट मात्र विक्रेते क्वचितच आपण होऊन सांगतात. जाळ्याला जोडलेली साधी घरगुती योजना जाळ्याची वीज जातांच स्वतःहि बंद होते, मग ऊन कितीहि कडक असो. तारांवर चढलेल्या कामगाराला घरांतून उलट आलेल्या विजेचा धक्का बसूं नये म्हणून हें मुद्दाम केलेलें असतें. वीज गेली असतांहि घरांत दिवा हवा असेल, तर बॅटरी आणि घर जाळ्यापासून अलग करणारी जोडणी यांची किंमत खरेदीच्या वेळींच विचारून घ्यावी.