द्राक्षाचा घड आणि फवारणीची वही

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास शहरांतील घरोघरीं द्राक्षें येतात. घड पाण्यानें धुवून बशींत ठेवला, कीं गृहिणीचें समाधान होतें. त्या घडावर कोणतें औषध केव्हां फवारलें, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. युरोपांतील कायदा मात्र ती करतो, आणि तिचा भार नाशिक-सांगलीकडील एक-दोन एकरांच्या बागाईतदारावर येऊन पडतो.

हा भार किती जड असतो तें २०१० सालीं दिसून आलें. त्या वर्षीं भारतांतून युरोपांत गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड नांवाच्या द्रव्याचा अंश आढळला व माल तेथें अडकून पडला. हें कीड मारणारें औषध नव्हे. वेलीची फाजील वाढ रोखून काडींत घड धरावा, यासाठीं एप्रिलमधील खरड छाटणीनंतर तें फवारीत असत. तें वेलींत टिकून राहतें, आणि त्याचा अंश पुढें फळांत उतरतो. युरोपची त्या वेळची मर्यादा किलोमागें ०.०५ मिलिग्रॅम होती. म्हणजे वीस टन द्राक्षांत अवघा एक ग्रॅम!

ही मर्यादा म्हणजे विषबाधेची सीमारेषा, असें मात्र समजूं नये. एखादें औषध ज्या पिकासाठीं तेथें मंजूर नसतें, त्या पिकावर प्रयोगशाळेस मोजतां येईल इतक्याच अंशाची मर्यादा सामान्यतः घालतात. येथील सक्तीच्या तपासणीच्या यादींत या द्रव्याचें नांव त्या वेळीं नव्हतें. शेतकऱ्यानें नियम मोडला असें म्हणावें, तर नियम त्याच्यापर्यंत पोंचलाच नव्हता. शिक्षा मात्र पोंचली.

वास्तविक तपासणीची चांगली व्यवस्था त्यापूर्वींच उभी राहिली होती. अपेडा या केंद्रीय संस्थेनें २००६ सालीं ‘ग्रेपनेट’ नांवाची नोंदपद्धति सुरू केली. तीनुसार निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद कृषि खात्याकडे होऊन तिला क्रमांक मिळतो. बागाईतदार फवारणीची वही ठेवतो. तोडणीपूर्वीं प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेंत येऊन नमुना घेतो. नमुना उतरला तरच माल बांधणीस जातो. परदेशांत एखाद्या पेटींत दोष निघाला, तर क्रमांकावरून थेट बागेपर्यंत माग काढतां येतो. त्यामुळें एकाच्या चुकीचा दोष सर्वांच्या माथीं येत नाहीं. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या प्रयोगशाळांना मार्गदर्शन करतें.

मग लहान शेतकऱ्याचें अडतें कोठें? नियम समजण्यांत आणि खर्चांत. मोठा बागाईतदार पगारी तज्ज्ञ ठेवतो. लहान माणूस औषधाच्या दुकानदाराचा सल्ला घेतो, आणि दुकानदाराचें हित विक्रींत असतें. यावर उपाय एकोप्याचा आहे. द्राक्षउत्पादकांच्या सहकारी संस्थांनीं १९९१ सालीं ‘महाग्रेप्स’ स्थापन केली, ती याच जाणिवेनें. दहा-वीस शेतकऱ्यांनीं मिळून एक तज्ज्ञ ठेवावा, बांधणीगृह सामाईक वापरावें, मंजूर औषधांची यादी सोप्या मराठींत भिंतीवर लावावी, आणि फवारणी व तोडणी यांमध्यें किती दिवस जावे लागतात, तें प्रत्येक औषधापुढें स्पष्ट लिहावें. यादी बदलली, कीं त्याच दिवशीं भिंतीवरील कागदही बदलावा.

वही लिहिणें प्रथम जाचक वाटतें. परंतु तीच पुढें शेतकऱ्याची साक्षीदार होते, आणि कोणती फवारणी निष्कारण झाली हेंही तीच त्याला दाखविते.

शहरांतील ग्राहकानेंही एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. लंडनच्या मुलाच्या हातीं पडणाऱ्या घडाची जन्मकथा कागदावर असते. पुण्या-मुंबईच्या मुलाच्या हातांतील घडाची बहुधा नसते. ती असावी, अशी मागणी घरांतून आणि बाजारांतून होऊं लागली, आणि त्या वहीचे दोन पैसे अधिक देण्याची तयारी दिसली, तर लहान शेतकरी ती वही आनंदानें लिहील.