स्लॉट रिकामा आहे, म्हणून कार्ड घ्यावे का?

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घराच्या कोपऱ्यात पडलेल्या जुन्या डेस्कटॉपचे आता काय करायचे, हा प्रश्न अमरावती-अकोल्यातल्या अनेक घरांत त्यानंतर उभा राहिला. मुलीचे इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष, मुलाचे ऑनलाइन क्लास, दुकानाचे हिशेब, सगळे त्याच एका यंत्रावर चालते. नवा संगणक घ्यायचा तर कापूस किंवा सोयाबीन विकून पैसा हाती येईपर्यंत थांबावे लागते. अशा वेळी कोणीतरी सल्ला देतेच: "डबा उघडा, आत स्लॉट रिकामे असतात. एखादे कार्ड टाका, यंत्र नव्यासारखे पळेल."

सल्ल्याचा पहिला भाग खरा असतो. स्लॉट बहुधा रिकामे असतातच. पण रिकामा स्लॉट म्हणजे कार्डाला बसायला जागा, एवढेच. त्या कार्डाला काम करता येईल की नाही, हे स्लॉटच्या मागे काय जोडले आहे त्यावर ठरते. थोडा अशक्तपणा वाटला की डॉक्टरकडे जाऊन सलाइनची बाटली लावून मागणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. अशक्तपणा रक्त कमी असल्याने आहे, साखरेमुळे आहे की थायरॉइडमुळे, हे कोणी विचारत नाही. संगणकात न तपासता बसवलेले कार्ड त्याच जातीचे. पैसे जातात, दुखणे तिथेच राहते.

मुळात हे स्लॉट ठेवले कशासाठी? १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीत असे पाच स्लॉट होते. कल्पना साधी होती. कारखान्यातून निघताना यंत्राला जे येत नाही, ते पुढे कार्ड खोचून शिकवता यावे. याचे महाराष्ट्रातले उत्तम उदाहरण मराठी भाषेचेच आहे. डॉसच्या काळात पडद्यावर फक्त रोमन अक्षरे उमटत. देवनागरी त्या पडद्यावर आणली 'जिस्ट' कार्डाने. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवले. कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसे आणि काना-मात्रा-जोडाक्षरांची आकडेमोड सांभाळत असे. बाकीच्या यंत्रात बदल करावा लागत नसे. सी-डॅकचे संस्थापक संचालक विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा गावचे. आज मोबाइलवर बोटाने मराठी लिहिणाऱ्या पिढीला सांगूनही पटणार नाही, पण संगणकावरची मराठी एकेकाळी अशी खाचेतून आत शिरली होती.

ते जुने लांब, काळे आयएसए स्लॉट आता घरगुती यंत्रांत दिसत नाहीत. त्यांच्यानंतर १९९२ पासून पांढरे पीसीआय स्लॉट आले, ग्राफिक्ससाठी १९९७ च्या सुमारास वेगळा तपकिरी एजीपी आला आणि २००३ पासून पीसीआय एक्सप्रेस आला, तोच आजही चालतो. यांतले कोणतेही एकाचे कार्ड दुसऱ्यात बसत नाही. प्रयोगशाळांतली काही जुनी यंत्रे आजही पीसीआय कार्डावर चालतात. त्यांच्याशी जोडलेला संगणक कितीही कळकट दिसला तरी कोणी टाकून देत नाही, त्याचे कारण हेच.

पीसीआय आणि पीसीआय एक्सप्रेस यांच्या नावांत साम्य असले तरी स्वभाव अगदी उलटे आहेत. मूर्तिजापूरहून अचलपूरकडे आणि यवतमाळकडे जाणारी शकुंतला रेल्वे ज्यांनी पाहिली आहे त्यांना पीसीआय लगेच कळेल. अरुंद रुळांची एकेरी लाइन. एक गाडी गेल्याशिवाय दुसरीला वाट नाही. पीसीआयमध्ये सगळी कार्डे मिळून सेकंदाला सुमारे १३३ मेगाबाइटची एकच वाट वाटून घेत. पीसीआय एक्सप्रेसमध्ये प्रत्येक स्लॉटला स्वतःच्या स्वतंत्र मार्गिका, म्हणजे लेन, असतात.

लेन म्हणजे काय, हेही त्याच मूर्तिजापूरजवळ समजते. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते माना या टप्प्यात सलग डांबरीकरणाचा विक्रम झाला. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर, आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. हे ७५ किलोमीटर एका लेनचे मोजलेले होते. दोन लेनच्या रस्त्याच्या हिशेबात ते साडेसदतीस किलोमीटर भरतात. लेन किती हे सांगितल्याशिवाय रस्त्याच्या आकड्याला अर्थ नाही. स्लॉटचेही तेच.

पीसीआय एक्सप्रेसचे स्लॉट लांबीवरून ओळखले जातात. बोटाच्या पेरापेक्षा थोडा लांब तो एक्स-१, सर्वांत लांब तो एक्स-१६, मध्ये एक्स-४ आणि एक्स-८. एक्सच्या पुढचा आकडा लेनचा. प्रत्येक लेनवर किती वाहतूक होते हे पिढीवर ठरते. पहिल्या पिढीत एका लेनवर सेकंदाला २५० मेगाबाइट, दुसरीत ५००, तिसरीत जवळपास एक गीगाबाइट, चौथीत दोन, पाचवीत चार. प्रत्येक पिढीत साधारण दुप्पट. नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये आणि जुने कार्ड नव्यात चालते, ही यातली मोठी सोय. मात्र दोघांपैकी जो हळू, त्याच्याच वेगाने दोघांना चालावे लागते.

फसगत लांबीत होते. धमनी बाहेरून जाड दिसली म्हणून तिची आतली पोकळी मोठी असते असे नाही, हे अँजिओग्राफी करणाऱ्याला ठाऊक असते. कित्येक मदरबोर्डांवर दोन लांब स्लॉट असतात. वरचा, प्रोसेसरच्या जवळचा, खरा सोळा लेनचा. खालचा दिसायला तसाच, पण त्याच्या मागे चारच लेन जोडलेल्या. टॉर्च मारून खालच्या स्लॉटच्या आत पाहिले तर काही बोर्डांवर पितळी पट्ट्या अर्ध्याहून आधीच संपलेल्या स्पष्ट दिसतात. बोर्डाच्या पुस्तिकेत त्याच्या नावापुढे 'एक्स-४ मोड' असे बारीक अक्षरात छापलेलेही असते. ग्राफिक्स कार्ड नेहमी वरच्याच स्लॉटमध्ये घालावे, ते याचसाठी. ज्या बोर्डावर एम.२ ची जागा आहे तिथे आणखी एक गोष्ट होते. एम.२ मध्ये काही बसवले की काही बोर्डांवर एखादे साटा पोर्ट किंवा एखादा छोटा स्लॉट आपोआप बंद पडतो, कारण लेन तेवढ्याच असतात आणि त्या वाटून दिलेल्या असतात. "काल चालणारी हार्डडिस्क आज दिसत नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते.

कार्डाच्या बाजूनेही असेच घडते. २०२२ साली आलेले एएमडीचे रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड लांबीने एक्स-१६ चे, पण त्यावर लेन मात्र चारच. चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्या चार लेनमधून सेकंदाला सुमारे आठ गीगाबाइट जातात. तेच कार्ड दहा-बारा वर्षांच्या, दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये घातले तर दोनच उरतात. कार्ड नवे, खोके चकचकीत, आणि हातात एक चतुर्थांश वाट. जुन्या बोर्डासाठी कधी कधी जुने पण पूर्ण सोळा लेनचे कार्ड अधिक कामाचे ठरते, हे दुकानदार आपणहून सांगेलच असे नाही.

दुसरा अडथळा विजेचा. एक्स-१६ स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी केबल जोडावी लागते: सहा पिनांची आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर '४५० वॅट' असे ठळक लिहिलेले असते. त्यावर विश्वास ठेवण्याआधी त्याच लेबलवरचा १२ व्होल्टच्या रकान्यातला अँपिअरचा आकडा पाहावा. तिथे १८ असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅटच खरे कामाचे. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही मुख्यतः तेवढ्यावरच जगणार. मग मे महिन्याच्या दुपारी अकोल्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना यंत्र अचानक बंद पडले तर दोष कार्डाला देण्यात अर्थ नाही. घरात ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तोही सहसा ३६० वॅटच्या आसपासच पेलतो. वेगळी केबल न लागणारी कार्डे मिळतात. जीटीएक्स १६५० ची अनेक मॉडेल्स तशी आहेत आणि बहुतेक जुन्या घरगुती यंत्रांना तीच सोसतात.

पण कार्ड घ्यायचेच कशाला, हा प्रश्न त्याच्याही आधीचा. यंत्र सुरू व्हायला पाच मिनिटे लागतात, वर्डची फाइल उघडताना चहा होतो, ही तक्रार ग्राफिक्सची नाही. ती फिरत्या हार्डडिस्कची आहे. तिच्या जागी साटा जोडणीची एसएसडी बसवणे, हा जुन्या संगणकावरचा पहिला आणि बहुतेकदा पुरेसा उपचार. त्यासाठी स्लॉट लागतच नाही. इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरसोबत चालणारे एच६१ चिपसेटचे बोर्ड घ्या. त्यांची साटा पोर्ट जुन्या, ३ गीगाबिटच्या वेगाची असतात, त्यामुळे एसएसडीला अर्धाच वेग मिळतो. तरीही फरक जमीन-अस्मानाचा जाणवतो, कारण हार्डडिस्कचा वेळ जातो तो सुई इकडून तिकडे नेण्यात, आणि एसएसडीत सुई नसतेच. सोबत रॅम वाढवायची असेल तर डीडीआर३ की डीडीआर४ ते आधी पाहावे. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते आणि जोर लावून बसवली तर पट्टीही जाते, स्लॉटही जातो.

रिकाम्या स्लॉटमध्ये अडॅप्टर घालून नव्या जातीची एनव्हीएमई एसएसडी बसवण्याची युक्तीही सांगितली जाते. दुसऱ्या पिढीच्या एक्स-१ स्लॉटमध्ये ती घातली तर मिळतात जेमतेम ५०० मेगाबाइट, म्हणजे साध्या साटा एसएसडीएवढेच. शिवाय असल्या जुन्या बोर्डांच्या बायोसला बहुधा अशा डिस्कवरून विंडोज सुरू करता येत नाही. डिस्क दिसते, पण यंत्र तिच्यावरून उठत नाही.

विंडोज ११ साठी तर कोणत्याच स्लॉटचा उपयोग नाही. तिला टीपीएम २.० लागते आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला लागतो. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा. त्याहून जुन्या यंत्रात महागडे कार्ड घालणे म्हणजे निकामी मूत्रपिंडाच्या रुग्णाला नवा चष्मा करून देणे. एसएसडी घालून त्यावर लिनक्स टाकले तर तेच यंत्र अभ्यासाला आणि इंटरनेटला आणखी काही वर्षे चालते.

तरी कार्ड बसवायचे ठरलेच, तर दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी मोबाइलमध्ये टिपून न्याव्यात: मदरबोर्डचे नाव (ते बोर्डावरच छापलेले असते, किंवा विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'बेसबोर्ड' या शब्दापुढे दिसते), स्लॉटचा फोटो आणि एसएमपीएसच्या लेबलचा फोटो. कॅबिनेटची आतली लांबीही पट्टीने मोजावी. कार्ड स्लॉटमध्ये बसते आणि हार्डडिस्कच्या खणावर आदळते, असे पुष्कळदा होते.

डबा उघडताना वऱ्हाडातली हवा लक्षात घ्यावी लागते. थंडीत आणि उन्हाळ्यात ती इतकी कोरडी असते की दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो. माणसाच्या त्वचेला हा स्थिर विजेचा चटका साधारण तीन हजार व्होल्टच्या वर गेल्यावरच जाणवतो, काही चिपा मात्र त्याहून कितीतरी कमी व्होल्टला जायबंदी होतात. म्हणजे आपल्याला काहीच कळत नाही आणि कार्ड मेलेले असते. प्लग काढावा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, उघड्या लोखंडी कॅबिनेटला हात लावावा, मगच कार्ड कडेने धरून उचलावे. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या काळवंडल्या असतील तर शाळेच्या खोडरबरने हलके पुसाव्यात, हा कारागिरांचा जुना उपाय खरोखर चालतो. संगणक कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. गार वारा हवा असला तरी त्याच्यासोबत येणारा ओलावा आणि धूळ मिळून स्लॉटमध्ये चिखल धरतो. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा विद्युतभार काही काळ राहतो.

आणखी एक गोष्ट, आणि ती संगणकाहून महत्त्वाची. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२. डबा उघडला की तो अनेकदा बदलला जातो आणि जुना टेबलावर राहतो. २० मिलिमीटर व्यासाचा हा सेल लहान मुलाने गिळला तर तो अन्ननलिकेत अडकतो आणि ओलाव्याशी संपर्क येताच विद्युतप्रवाह सुरू होऊन दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. सेल घड्याळ चालवण्याइतकाही उरलेला नसला तरी त्यात हे करण्याएवढी शक्ती उरलेली असते. सुरुवातीला मूल फक्त लाळ गाळते, खात नाही, खोकते. उलटी करवू नये, "बाहेर पडेल आपोआप" म्हणून थांबू नये, एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात तडक न्यावे आणि सेल गिळल्याची शंका असल्याचे स्पष्ट सांगावे. चित्रात तो नाण्यासारखाच दिसतो. त्याच्या कडेचे दुहेरी वर्तुळ शोधणाऱ्यालाच दिसते. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाताबाहेर, ई-कचऱ्याच्या डब्यात जाईपर्यंत वर ठेवावा.

कार्ड बसले, यंत्र सुरू झाले, की जीपीयू-झेड नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये 'बस इंटरफेस' या ओळीत कार्डाला खरोखर किती लेन आणि कोणती पिढी मिळाली ते दिसते. तिथे सोळाऐवजी आठ किंवा चार दिसले, आणि कार्ड मुळात सोळा लेनचे असेल, तर यंत्र बंद करून कार्ड पुन्हा नीट बसवावे. स्लॉटच्या टोकाची कडी 'टक्' आवाज करून बसली पाहिजे. पिढीच्या जागी ३.० ऐवजी १.१ दिसले तर मात्र घाबरू नये. काम नसताना कार्ड वीज वाचवण्यासाठी वेग उतरवते. त्या ओळीशेजारचे प्रश्नचिन्ह दाबून कार्डावर भार टाकला की आकडा वर जातो.