चोवीस कामट्यांची दिवाळी

सण आणि काटकसर हे दोन शब्द शेजारी ठेवले की पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. सणाला हात आखडता घ्यायचा, तर मग सण करायचाच कशाला, असे त्यांचे म्हणणे. माझा पेशा सरकारी कागदांचा. दुसऱ्यांच्या खर्चाला कात्री लावणे हे त्यातले एक नित्यकर्म. त्यामुळे या विषयावर मी बोलावे हे काहींना संशयास्पद वाटेल. तथापि मी जी काटकसर सांगणार आहे ती खर्चाच्या तक्त्यात शिकलेली नाही. ती जबलपुरात, एका भेगाळलेल्या घराच्या ओसरीवर, वयाच्या सोळाव्या वर्षी शिकलो.

जबलपूर हे महाराष्ट्राच्या नकाशाबाहेरचे गाव. पण मराठी माणसाला परके नाही. 1781 मध्ये गढा-मंडल्याचे राज्य सागरच्या मराठ्यांकडे आले, पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले, आणि 1817 मध्ये इंग्रजांनी ते घेतले. राज्य गेले, माणसे राहिली. नंतर रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना, कचेऱ्या आणि न्यायालये यांच्या निमित्ताने आणखी घरे आली. 1956 पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती. त्या वर्षीच्या पुनर्रचनेत नागपूर एकीकडे आणि जबलपूर दुसरीकडे झाले. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील श्रोत्यांना हा अनुभव निराळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही. अशा गावी बाजारात आपला सण तयार मिळत नाही. निदान आमच्या लहानपणी मिळत नव्हता. आकाशकंदील हवा तर तो घरी करावा लागे, आणि किल्ला हवा तर अंगणातली माती खणावी लागे. आमच्या सणात हातकाम आले ते कुणाच्या उपदेशामुळे नव्हे, नाइलाजामुळे.

22 मे 1997 च्या पहाटे जबलपुरात भूकंप झाला. सुमारे चाळीस माणसे गेली. कोसमघाटसारखे खेडे जवळजवळ उद्ध्वस्त झाले, आणि शहरातल्या असंख्य घरांना भेगा पडल्या. आमच्या घराची मागची भिंत काढून टाकावी लागली. वडील कारकून होते. पावसाळ्यापूर्वी भिंत उभी करणे जमले नाही, आणि त्या वर्षीची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस येऊन ठेपली तेव्हा आम्ही एक खोली आणि ओसरी एवढ्यात राहत होतो. वडिलांनी जाहीर केले, "यंदा आधी भिंत, मग कंदील." त्यांचे चुकले असे मला आजही वाटत नाही.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. रेल्वेत नकाशे काढण्याचे काम करून निवृत्त झालेले. सारी आळी त्यांना आप्पा म्हणे. ते कुंपणापाशी उभे राहून वडिलांना म्हणाले, "भिंत तुम्ही बांधा हो, त्यात मला गती नाही. पण पोराला दोन दिवस माझ्याकडे धाडा. वेळू माझ्या परसातला आहे."

त्या दोन दिवसांत आप्पांनी मला जे शिकवले ते येथे थोडे तपशिलाने सांगतो, कारण ऐकणाऱ्याला त्यावरून कंदील करता यावा अशी माझी इच्छा आहे.

वेळू पेऱ्यापेऱ्याने कापावा आणि उभा चिरावा. कामटी काढताना बाहेरची हिरवी पाठ ठेवावी, आतला पांढरा भुसभुशीत भाग तासून टाकावा. वेळूचे बळ पाठीत असते. ओल्या कामट्या लगेच बांधू नयेत. त्या वाळताना आक्रसतात आणि गाठी सैल पडतात. म्हणून दसरा झाला की कामट्या काढाव्यात आणि आठ-दहा दिवस सावलीत वाळवाव्यात. ज्याच्या परसात वेळू नाही त्याने बुरुडाकडून आणावा. आमच्याकडे त्यांना बसोड म्हणतात. ते पाहता पाहता अशा सरळ कामट्या काढून देतात की आपल्या तासाभराच्या खटपटीची लाज वाटावी.

एक वीत, म्हणजे नऊ इंच लांबीच्या, अगदी सारख्या चोवीस कामट्या घ्याव्यात. चार-चार बांधून त्यांचे सहा चौकोन करावेत. आता चार चौकोन टोकावर उभे धरावेत, पतंग धरतो तसे, आणि शेजारच्याचे कान शेजारच्याला बांधून त्यांचे कडे करावे. या चौघांची वरची चार टोके पाचव्या आडव्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना बांधावीत, खालची चार टोके सहाव्याला. बारा सांधे होतात. पावणेतेरा इंच उंचीचा सांगाडा उभा राहतो, आणि चौकोनांच्या मधून, आपण एकही त्रिकोण बांधलेला नसताना, आठ त्रिकोण आपोआप दिसू लागतात. त्या वयात मला ही जादूच वाटली होती.

मात्र हा सांगाडा हातात घेतला की पिळवटतो. एकीकडून दाबला की दुसरीकडे कलतो. मी हिरमुसलो, तेव्हा आप्पांनी तीन कामट्यांचा त्रिकोण बांधून हाती दिला आणि म्हणाले, "हा वाकडा करून दाखव." तो वाकडा होईना. मग चार कामट्यांचा चौकोन दिला. तो बोट लावताच तिरका झाला. चौकोनाला कर्ण दिला की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तो जागच्या जागी उभा राहतो. छपराच्या कैचीत आणि रेल्वेच्या लोखंडी पुलात तिरपे दांडे असतात ते याचसाठी. कंदिलात सहा चौकोन, म्हणजे कर्णही सहा लागतात. पण सहाही जागी कामटी घालावी लागत नाही. वरच्या चौकोनात एक जाड कामटी तिरपी घालायची, तिला दिवा टांगायचा आणि गरम हवा जायला बाकीची जागा उघडी ठेवायची. तशीच एक तळाच्या चौकोनात. उरलेल्या चार उभ्या चौकोनांना कर्णाचे काम करतो तो कागद! ओल्या खळीने सैलावलेला पतंगी कागद वाळताना आकसतो आणि ढोलकीच्या पुडीसारखा ताणला जातो. मग चौकोनाला तिरके व्हायचे तर कागद फाटावा लागेल. फुंकरीने उडणारा तो कागद साऱ्या सांगाड्याला ताठ उभा करतो. आम्ही शेवटचा कागद डकवून रात्रभर कंदील ओसरीत ठेवला. सकाळी मी तो पिळून पाहिला. तो हलला नाही.

खळ करताना मैदा आधी गार पाण्यात कालवावा आणि मग मंद आचेवर ढवळत शिजवावा. एकदम कढत पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात. झुरळांनी खाऊ नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. मोरचूद विषारी असतो. मुलांचे हात खळीत असतील तर तो घालू नये. झिरमिळ्यांचे मी काही सांगत नाही. त्या कशा कापायच्या यावर घरोघर मतभेद असतात आणि ते तसेच असावेत.

कंदील करता करता मुले भूमिती शिकतात, ही गोष्ट आपल्याच मुलुखात घडते असे नाही. जर्मनीतील नीस्की नावाच्या गावी मोरावियन पंथाच्या एका शाळेत एकोणिसाव्या शतकात मुलांना घनाकृती समजाव्यात म्हणून कागदाचे अनेक टोकांचे तारे करायला लावले. आज नाताळात युरोप-अमेरिकेतल्या किती तरी ओसऱ्यांवर तोच तारा दिव्यासह टांगलेला दिसतो.

कंदिलाचे साहित्य आप्पांच्या परसातून आले. किल्ल्याचे भूकंपातून आले. मागच्या भिंतीच्या फुटक्या विटांचा ढीग अंगणात पडला होता. एरवी विटा मिळवण्यासाठी आम्ही मुले कुणाच्या बांधकामावर डोळा ठेवून असू; त्या वर्षी साऱ्या आळीत विटांचा सुकाळ होता. विटांच्या उतरंडीवर भिजवलेले गोणपाट टाकावे, त्यावर चाळलेल्या मातीचा चिखल थापावा आणि दिवाळीच्या पाच-सहा दिवस आधी अळीव किंवा मोहरी पेरून वर पाण्याचा शिपका देत राहावे. अळीव तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवा दिसू लागतो. आम्हाला राजगड करायचा होता. शेजारची हिंदी भाषिक मुले मदतीला आली, आणि त्यांनी राजगड पाहिलेला नव्हता. खरे तर आम्हीही पाहिला नव्हता. त्यांनी मदनमहाल करा असा आग्रह धरला. मदनमहाल ही जबलपुरातली गोंड राजांची गढी, एका प्रचंड खडकाच्या माथ्यावर बांधलेली. तिच्याजवळ एका शिळेवर दुसरी शिळा जेमतेम टेकून उभी आहे. ती भूकंपातही पडली नाही, याचे साऱ्या शहराला कौतुक. अखेर तडजोड झाली. माथ्यावर राजगडाचा बालेकिल्ला आणि पायथ्याशी एका दगडावर तोलून ठेवलेला दुसरा दगड. तो दगड दिवसातून चार वेळा पडे आणि चार वेळा तोलावा लागे. महाराजांच्या मावळ्यांना तेवढे एकच काम त्या वर्षी उरले होते.

यावरून कुणी असा अर्थ काढू नये की दिवाळी फुकटात होते आणि ती तशीच करावी. काटकसरीचा हात कुठे लावावा याला विवेक हवा. पणत्या कुंभाराकडूनच घ्याव्यात, आणि घासाघीस न करता घ्याव्यात. त्या घरी करण्याचा हौशी प्रयत्न मी केला आहे. चुलीच्या धगीत त्या तडकतात. विकत आणलेल्या कोऱ्या पणत्या दोन-तीन तास पाण्यात बुडवून ठेवाव्यात. मातीच्या बारीक छिद्रांत आधी पाणी भरले की तेल तितके शोषले जात नाही; पणती जमिनीवर तेलाचा डाग पाडीत नाही आणि तेवढ्याच तेलात अधिक वेळ जळते. पैसे वाचवायचे ते असे तेलात वाचवावेत, कुंभाराच्या घामात नव्हे. रांगोळीचेही तसेच. कोकणात भाताचे तूस जाळून पांढरी रांगोळी करीत. आमच्या घरी भेडाघाटच्या मऊ दगडाच्या वस्तू करणाऱ्या कारागिरांकडून कोरीव कामाचा भुगा येई. आई तो वस्त्रगाळ करून घेई. नर्मदेच्या दगडाचा तो पांढरा रंग मला पुढे कुठल्याही पाकिटात आढळला नाही, पण हा कदाचित स्मरणाचा पक्षपात असेल.

आई म्हटल्यावर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. घरी केलेले, हातचे, असे आपण अभिमानाने म्हणतो तेव्हा तो हात बहुधा एकाच व्यक्तीचा असतो. बाजाराचे पैसे वाचतात आणि बाईची झोप जाते. हिशेबाच्या वहीत पहिली रक्कम मांडली जाते, दुसरी नाही. त्या वर्षी एका खोलीत, एका शेगडीवर फराळ करणे आईला शक्य नव्हते. मग आळीतल्या चार घरांनी पदार्थ वाटून घेतले. एका घरी चकल्या, एका घरी शेव, आप्पांच्या घरी करंज्या. शेजारच्या भाभींनी त्यांच्या पद्धतीचे गुजिये केले, जे करंजीचेच मावसभावंड आहे. आमच्याकडे पुरुष आणि मुले यांच्यासाठी काम आले ते द्रोण लावण्याचे. ग्वारीघाटावर नर्मदेत दिवे सोडण्यासाठी पानांचे द्रोण विकायला बसतात, तसेच पळसाच्या पानांचे द्रोण आम्ही बांबूच्या बारीक काड्यांनी टाचले. पान ताजे असेल तर दुमडताना चिरत नाही. सुकले असल्यास पाण्यात भिजवून घ्यावे. त्या द्रोणांतून चार घरांचा फराळ आठ घरी गेला. कुणाकडे काय कमी होते ते त्यामुळे कुणालाच कळले नाही.

स्वस्त साहित्याची शोभा कमी प्रतीची असते, हा समज मात्र शिकल्या-सवरल्या घरांतही घट्ट आहे. तसे मानणाऱ्यांना मी फैजपूरची आठवण देतो. डिसेंबर 1936 मध्ये खानदेशातल्या या खेड्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. गांधीजींनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावून घेतले आणि खेड्यात मिळणारे साहित्य वापरूनच नगर सजवावे असे सांगितले. देशातला एक अग्रगण्य चित्रकार बांबू आणि चटया घेऊन कामाला लागला. त्याला यात कमीपणा वाटला नाही. आपल्या ओसरीवर आपल्याला तो का वाटावा, हे मला उमगत नाही.

आता बाजारात हवे ते तयार मिळते, जबलपुरातही. माझ्या मुलीने गेल्या वर्षी प्लास्टिकचा घडीचा कंदील आणवला. तो सुरेख होता आणि दहा मिनिटांत टांगून झाला. उरलेल्या वेळात काय करायचे हा प्रश्न तिनेच विचारला. मग माळ्यावरून जुना सांगाडा काढला. आप्पा आता नाहीत; सांगाडा दर वर्षी नवा कागद लेवून उभा राहतो. चोवीसांपैकी सात कामट्या आजवर बदलल्या आहेत. तिने चौकोन तिरका करून पाहिला, मग कागद लावला, आणि रात्रभरात दोनदा उठून तो वाळला का ते बघून आली. यंदा खालच्या दोन सांध्यांचा दोरा कुजला आहे. दसऱ्यानंतरच्या रविवारी तो बदलायचा आहे, आणि बसोडाकडून एक कामटी आणायची आहे.