उसाचं बिल आलं, पोराला क्रूझर हवी. घेण्याआधी काय बघायचं?

सोनई (ता. नेवासा) : मुळा कारखान्याचं उसाचं बिल खात्यावर पडलं की अनेक घरांत ठरलेला विषय निघतो. बाप म्हणतो, शंभर सीसीची घे, ॲव्हरेज देते, दुधाचा कॅन अडकवता येतो. पोरगं मोबाईलवर लांबलचक, बुटकी, रुंद हँडलची गाडी दाखवतं. आई म्हणते, काय घ्यायचं ते घ्या, पण हळू चालवा. तिघांचंही चुकत नाही. मात्र गाडी तिघांच्या हिशोबात बसते का, हे शोरूममध्ये पाय ठेवण्याआधी बघायला हवं. विशेषतः ज्याची ही पहिलीच गाडी आहे, त्याने.

क्रूझर म्हणजे नेमकी कोणती गाडी?

आपल्याकडे मोठ्या आवाजाच्या प्रत्येक गाडीला 'बुलेट' म्हणायची सवय आहे. पण बुलेट किंवा क्लासिक ही क्रूझर नाही. तिच्यावर माणूस ताठ बसतो, सीट उंच असते. क्रूझरची सीट खाली असते, पाय पुढे पसरलेले असतात, हँडल अंगाकडे आलेलं असतं आणि दोन चाकांमधलं अंतर जास्त असतं. सरळ रस्त्यावर एका चालीने तासन्‌तास जायला ही बनवलेली असते.

महाराष्ट्राला ही गाडी नवी नाही. पुण्याच्या बजाजने २००१ मध्ये कावासाकीबरोबर एलिमिनेटर आणली. २००५ मध्ये तिच्याच धर्तीवर ॲव्हेंजर आली आणि कमी पैशात क्रूझर म्हणून गावोगाव पोचली. रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड २००२ ची, आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तिच्या जागी मीटिअर ३५० आली.

वजन आणि सीटची उंची आधी बघा

नवशिक्याने सीसी विचारण्याआधी दोन आकडे विचारावेत : गाडीचं वजन किती आणि सीट जमिनीपासून किती उंच. मॉडेलनुसार थोडा फरक पडतो, पण साधारण चित्र असं आहे :

स्प्लेंडर प्लस : वजन ११२ किलो, सीट ७८५ मिलिमीटर
ॲव्हेंजर स्ट्रीट १६० : १५६ किलो, ७३७ मिलिमीटर
ॲव्हेंजर क्रूझ २२० : १६३ किलो, ७३७ मिलिमीटर
मीटिअर ३५० : १९१ किलो, ७६५ मिलिमीटर
क्लासिक ३५० (क्रूझर नाही, तुलनेसाठी) : १९५ किलो, ८०५ मिलिमीटर
सुपर मीटिअर ६५० : २४१ किलो, ७४० मिलिमीटर

सीट खाली असली की दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतात. थांबताना, गर्दीत, चिखलात नवख्याला याचा मोठा आधार असतो. कमी उंचीच्या माणसालाही क्रूझर सोयीची पडते ती यामुळेच.

पण खाली सीट म्हणजे हलकी गाडी नव्हे. स्प्लेंडरपेक्षा मीटिअर ७९ किलोने जड आहे. युरियाच्या जवळपास पावणेदोन गोण्या कायमच्या गाडीवर बांधल्यासारखं समजा. चालू गाडीत हे वजन कळत नाही. ते कळतं गाडी मागे ढकलताना, उतारावर वळवताना आणि एका बाजूला कलली की. कललेली जड गाडी पायाने अडवायला गेलं तर पाय मुरगळतो किंवा खाली सापडतो. म्हणून पहिल्यांदाच शिकणाऱ्याने ६५० च्या नादाला लागू नये. पहिली क्रूझर १६० ते ३५० सीसीच्या आतलीच बरी.

आपल्या रस्त्याला जमेल का?

राहुरी–सोनई–शिंगणापूर–घोडेगाव असा डांबरी रस्ता आणि पुढे नगर–संभाजीनगर महामार्ग, एवढ्यासाठी क्रूझर चांगली. अडचण सुरू होते ती वस्तीवर जाताना.

पहिली अडचण वळण्याची. स्प्लेंडरच्या दोन चाकांमधलं अंतर १२३६ मिलिमीटर, ॲव्हेंजर २२० चं १४९०. लांब गाडी अरुंद बोळात किंवा बांधावर एका दमात वळत नाही, पुढं-मागं करावी लागते.

दुसरी खड्ड्यांची. साध्या गाडीवर खड्डा आला की माणूस पायांवर जोर देऊन किंचित उठतो. क्रूझरवर पाय पुढे असल्याने तसं उठता येत नाही. सगळा दणका माकडहाड आणि कमरेवर बसतो. ज्याला आधीच कंबरदुखी आहे, त्याने खराब रस्त्यावर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

तिसरी ओझ्याची. चाऱ्याचा भारा, खताची गोणी, औषधाचा पंप, दुधाचे कॅन ही कामं क्रूझरची नाहीत. म्हणून साधा नियम असा : घरात एकच गाडी राहणार असेल तर क्रूझर घेऊ नका. शेताला दुसरी गाडी असेल तरच विचार करा.

शोरूममध्ये पाच गोष्टी करा

१. रोज जी चप्पल किंवा बूट घालता, तेच घालून गाडीवर बसा. दोन्ही टाचा टेकतात का बघा.
२. साइड स्टँडवरून गाडी स्वतः सरळ उभी करा. कोणाची मदत लागली तर ती गाडी सध्या तुमची नाही.
३. गाडी बंद ठेवून पाच-सहा पावलं मागे ढकला.
४. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. लांबच्या बाजूचा हात ताणला जात असेल तर वळणावर ताबा कमी राहील.
५. मागे माणूस बसवून चालवून बघा. काही क्रूझरची मागची सीट लहान असते. आई-वडिलांना त्यावर घोडेगावपर्यंत तरी नीट बसता येतं का, हे त्यांनाच विचारा.

ब्रेकबद्दल जरूर विचारा. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरू न देणारी यंत्रणा. पण सिंगल चॅनल असेल तर ती फक्त पुढच्या चाकाला असते; मागचं चाक जाम होऊ शकतं. ड्युअल चॅनल दोन्ही चाकांना असते. ॲव्हेंजरला सिंगल आहे, मीटिअरला ड्युअल. रस्त्यावर चिखल आणि उसाची टिपरं पडलेली असतात, तिथं हा फरक मोलाचा ठरतो.

पैशाचा खरा हिशोब

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यापुढच्या गाड्यांना ४० टक्के लागतो. त्यामुळे खिशाच्या दृष्टीनेही ३५० ची रेघ महत्त्वाची आहे. भाव विचारताना एक्स-शोरूम नव्हे, नोंदणी आणि विम्यासह ऑन-रोड विचारा.

कर्ज काढणार असाल तर व्याज 'फ्लॅट' आहे की घटत्या शिलकीवर, हे आधी विचारा. समजा दीड लाखाचं कर्ज, तीन वर्षं, व्याज ११ टक्के. घटत्या शिलकीवर हप्ता सुमारे ४,९१० रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे २६,८०० रुपये. तेच ११ टक्के फ्लॅट असेल तर हप्ता सुमारे ५,५४० आणि व्याज ४९,५०० रुपये. टक्का सारखाच दिसतो, पण जवळपास २३ हजारांचा फरक पडतो. शिवाय उसाचं बिल दर महिन्याला येत नाही, हप्ता मात्र दर महिन्याला जातो. दुधाच्या पगारातून तो निघतो का, हे घरात बसून ठरवा.

पेट्रोलचंही बघा. रोज ४० किलोमीटर म्हणजे महिन्याला १,२०० किलोमीटर. लिटरला ६० देणारी गाडी २० लिटर पिते, ३५ देणारी ३४ लिटर. १०५ रुपये भाव धरला तर महिन्याला दीड हजार जादा.

जुनी गाडी घ्यायची तर

पहिली गाडी जुनी घेणं वाईट नाही; शिकताना पडली तर जीव तुटत नाही. पण सातबाऱ्यावर बोजा बघतो तसा आरसीवरही बघा. फायनान्सची नोंद असेल तर बँकेचा दाखला घेऊन ती उतरवल्याशिवाय व्यवहार करू नका. इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी जुळवा, थकलेली चलनं ऑनलाइन तपासा, विमा चालू आहे का बघा. पुढच्या शॉकॲबमधून तेल गळतं का, चेन ढिली आहे का, हे ओळखीच्या मेकॅनिककडून पाहून घ्या. गाडी आधी नावावर, मग पूर्ण पैसे.

परवाना नसेल तर विमाही अडतो

गिअरच्या गाडीला वय १८ पूर्ण हवं. शिकाऊ परवाना आधारच्या मदतीने घरबसल्या काढता येतो. तो सहा महिने चालतो आणि ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणीही वर्षभरासाठी रद्द होते.

नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो, पण तो समोरच्याच्या नुकसानीचा. चालवणाऱ्या मालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळं असतं आणि त्यासाठी वैध परवाना लागतो. गाडी दारात आली, परवाना 'पुढच्या महिन्यात काढू' म्हणून राहिला आणि तेवढ्यात काही झालं, तर घरच्यांच्या हातात काहीच पडत नाही.

पहिला महिना असा काढा

पहिले आठ दिवस रिकाम्या बाजारतळावर सकाळी सराव करा. क्लच अर्धा धरून, मागचा ब्रेक हलका दाबून अगदी हळू चालवायला शिका. जड गाडी पडते ती बहुधा हळू असतानाच. वळताना चाकाकडे नाही, जिकडे जायचं तिकडे बघा. थांबताना हँडल सरळ ठेवा आणि दोन्ही ब्रेक एकत्र, दाब वाढवत वापरा.

त्यानंतर दिवसा गावातला रस्ता, मग घोडेगाव. इमामपूर घाट आणि महामार्ग सगळ्यात शेवटी. शिकाऊ परवान्यावर मित्राला मागे बसवून फिरवायचं नाही. मागे बसला तर शिकवणाराच.

गळीत हंगामात रात्रीची गाडी टाळलेलीच बरी. उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या अनेकदा मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसताना रस्त्याने असतात. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. समोरची ट्रॉली दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच ते अंतर संपतं. क्रूझर वेगात शांत वाटते, म्हणून वेग कळत नाही. काट्याकडे बघत चला.

कंपनीचा सायलेन्सर काढून फटाके वाजवणारा बसवू नका. पोलीस तो काढून घेतात, दंड होतो, आणि गावातली म्हातारी माणसं तोंडावर बोलत नसली तरी शिव्या देतातच.

गाडीच्या रकमेतून आधी दोन हेल्मेटचे पैसे बाजूला काढा. आयएसआय शिक्का असलेली, हनुवटीखाली पट्टा बसणारी. एक चालवणाऱ्याचं आणि दुसरं मागे बसणाऱ्याचं, कारण कायद्याने ते दोघांनाही लागतं. शनिवारी शिंगणापूरला दर्शनाला जाताना मागच्या सीटवर बहुतेक वेळा आईच असते.