छिद्रण यंत्र, परिभ्रमी आघाती

खडक, काँक्रीट व विटकाम यांत भोके पाडण्यासाठी वापरण्यात येणारे, गिरमिट फिरवीत असतानाच त्याच्या बुंध्यावर आघात करणारे विद्युत् हत्यार. धाराशिव जिल्ह्यातील येडशीसारख्या, बालाघाटाच्या बेसाल्टी मुलखातील गावी याची गरज सहज पटते. काळ्या पाषाणात साधे गिरमिट नुसते घासत राहते, तापते व बोथट होते. परंतु हा खडक ठिसूळ असल्याने आघाताने त्याचे कण सुटतात. विहिरीसाठी हाताने सुरुंगाचे भोक घेताना घणाचा घाव बसताच पहार थोडी फिरवीत, ती पुढचा घाव नव्या जागी पडावा म्हणून. हीच क्रिया हे यंत्र मिनिटाला सु. ४,००० वेळा करते.

चलित्राची गती दंतचक्रांद्वारे दोन वाटांनी जाते. एकीने गिरमिटाची पकड फिरते. दुसरीने सिलिंडरातील दट्ट्या मागेपुढे सरकतो. यासाठी मोठ्या यंत्रांत भुजा व संयोग दांडा, तर लहान यंत्रांत आसावर तिरपा बसविलेला डोलणारा धारवा योजतात. दट्ट्या गिरमिटाला मात्र शिवतही नाही. त्याच्यापुढे एक सुटा पोलादी घणक असतो व दोहोंमध्ये रबरी कड्यांनी कोंडलेली हवा असते. दट्ट्या मागे जाताना ही हवा विरळ होते आणि बाहेरील हवेच्या दाबाने घणक मागे लोटला जातो. तो मागे येत असतानाच दट्ट्या पुढे वळतो. त्यामुळे मधली हवा जोराने दाबली जाऊन घणकाला पुढे भिरकावते. घणक मधल्या ठोकळ्यावर व ठोकळा गिरमिटाच्या बुंध्यावर आदळतो. हलक्या यंत्रात दर आघाताची ऊर्जा सु. २ ते ३ जूल असते.

गिरमिट भिंतीवर टेकविलेले नसेल, तर घणक पुढे सरकून राहतो, सिलिंडराची वायुछिद्रे उघडी पडतात व ठोकणे थांबते. म्हणून यंत्र टेकण्यापुरतेच दाबावे. अंगाचा भार टाकल्याने आघात वाढत नाही, हे अनेक कारागिरांनाही ठाऊक नसते. (दातेरी चकत्यांच्या स्वस्त आघाती यंत्रात मात्र सारी भिस्त हाताच्या दाबावरच असते.) रबरी कडी झिजली की हवा निसटते, यंत्र फिरते, पण ठोकत नाही. अशा वेळी दोष बहुधा चलित्रात नसतो.

गिरमिट लोखंडी सळईत अडकल्यास निसटता क्लच मनगट वाचवितो. काँक्रीटची सिलिकायुक्त धूळ फुप्फुसांस घातक असल्याने नाकातोंडावर योग्य मुखवटा आवश्यक असतो.