कॉलेजची टीम : गुणी पोराची शिडी की बेडी?

मूल गुणी निघाले की आईबापांना आनंद होतो, तसा घोरही लागतो. गुण अभ्यासात असला तर वाट ठरलेली असते. गुण खेळात असला तर प्रश्न उभा राहतो : याला आधी शिकू द्यावे, की खेळातून कमवू द्यावे? अमेरिकेत बास्केटबॉलच्या खेळात हा प्रश्न गेली पन्नास वर्षे आणि वर चर्चेत आहे. त्यासाठी कोर्टकचेऱ्या झाल्या, नियम झाले आणि मोडलेही. तिथे हा खेळ खेळणारी पुष्कळ मुले गरीब कृष्णवर्णीय घरांतली. त्यामुळे हा प्रश्न नुसता मैदानाचा राहत नाही, तो चुलीपर्यंत येतो. म्हणूनच तो आपल्या वाचकांपुढे मांडावा असे आम्हाला वाटले.

आधी तिथली रीत समजून घेऊ. शाळेत चमकलेल्या मुलाला कॉलेज आपल्या टीममध्ये घेते. फी, राहणे, जेवण यांची शिष्यवृत्ती देते. या कॉलेजांच्या खेळावर एन.सी.ए.ए. या संस्थेचे नियंत्रण असते. पुढे धंदेवाईक खेळाची सर्वांत मोठी संघटना म्हणजे एन.बी.ए. तिचे संघ ३०. दरवर्षी हे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, दोन फेऱ्यांत मिळून जास्तीत जास्त ६०. आणि वरच्या दर्जाच्या कॉलेज टीमच साडेतीनशेहून अधिक आहेत. एकेका टीममध्ये डझनभर तरी मुले धरा, म्हणजे किती पोरे कोणत्या फटीतून आत जाऊ पाहतात हे कळेल.

कापूस वेचणाऱ्या आईचा मुलगा

स्पेन्सर हेवूड हा मिसिसिपी राज्यातल्या एका खेड्यातला मुलगा. आई शेतात कापूस वेचायची, घरात दहा भावंडे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये एकोणिसाव्या वर्षी त्याने अमेरिकेला सुवर्णपदक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. पण एन.बी.ए.चा तेव्हाचा नियम असा की, शाळेची वर्षे संपल्यावर चार वर्षे होईपर्यंत कोणाला घ्यायचे नाही. घरी दारिद्र्य आणि हातात सोन्यासारखा गुण! हेवूडने कॉलेज अर्ध्यावर सोडले, दुसऱ्या एका संघटनेतून खेळला आणि मग एन.बी.ए.च्या सिएटल संघाशी करार केला. संघटनेने हरकत घेतली. तो कोर्टात गेला. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला खेळू देणारा आदेश कायम ठेवला. त्यानंतर घरची गरज दाखवणाऱ्या मुलांना लवकर येण्याची वाट मोकळी झाली.

पुढे १९९५ साली केव्हिन गार्नेट, १९९६ साली कोबी ब्रायंट, २००३ साली लेब्रॉन जेम्स हे शाळेतून थेट एन.बी.ए.त गेले आणि जगभर गाजले. त्यांच्याकडे पाहून हजारो घरांत एकच बोलणे सुरू झाले, ‘कॉलेज कशाला?’

पण आपण जिंकलेल्यांचीच नावे लक्षात ठेवतो. लेनी कुक हा न्यूयॉर्कचा मुलगा शाळेत असताना देशातल्या पहिल्या दोन-चारांत गणला जायचा. २००२ साली कॉलेजला न जाता त्याने थेट निवडीसाठी नाव दिले. त्या दिवशी दोन्ही फेऱ्या संपल्या, त्याचे नाव कोणी पुकारले नाही. त्याने एजंट नेमलेला असल्यामुळे कॉलेजच्या टीमचा दरवाजाही बंद झाला होता. इकडची वाट गेली आणि तिकडचीही.

२००५ साली एन.बी.ए.ने खेळाडूंच्या युनियनशी करार करून नवा नियम आणला. वय १९ पूर्ण होणारे असावे आणि शाळा सुटून एक वर्ष झालेले असावे. २००६ पासून तो लागू आहे. परिणाम असा झाला की हुशार पोरे कॉलेजात एक वर्ष काढतात आणि निघून जातात. त्याला शिक्षण म्हणायचे की मुक्काम, हे वाचकांनीच ठरवावे.

जमेची बाजू

आम्ही पडलो कारकून. जमा आणि खर्च दोन्ही रकाने भरल्याशिवाय आमचे समाधान होत नाही.

जमेला पहिले नाव स्टीफन करी याचे. बाप स्वतः एन.बी.ए.चा खेळाडू, तेव्हा घरी गरिबी नव्हती. पण पोरगा अंगाने बारीक होता आणि मोठ्या कॉलेजांनी त्याला विचारले नाही. डेव्हिडसन नावाच्या लहान कॉलेजाने घेतले. २००६ ते २००९ अशी तीन वर्षे तो तिथे खेळला. पहिल्या वर्षापासून त्याला भरपूर खेळायला मिळाले, चुकायलाही मिळाले. आधी तो मुख्यतः नेम साधणारा खेळाडू होता. तिसऱ्या वर्षी चेंडू हातात घेऊन डाव रचण्याचे काम त्याच्याकडे आले. पुढे ज्या खेळाने त्याने जग जिंकले, त्या खेळाची तालीम इथे झाली. राहिलेली पदवी त्याने २०२२ साली पूर्ण केली.

दुसरे नाव टिम डंकन. व्हर्जिन बेटांवरचा हा मुलगा आधी पोहणारा. १९८९ च्या वादळात तिथला तलाव उद्ध्वस्त झाला, १९९० साली आई कर्करोगाने गेली. कॉलेज पुरे करीन, असा शब्द त्याने आईला दिला होता. लवकर निघून गेला असता तर लाखो डॉलर मिळाले असते. पण चारही वर्षे तो वेक फॉरेस्टमध्ये राहिला, मानसशास्त्राची पदवी घेतली आणि १९९७ साली पहिल्या क्रमांकाने निवडला गेला. पुढे पाच विजेतेपदे मिळवली. उशिरा गेल्याने त्याचे काही बिघडले नाही. उलट अंगात ताकद आणि डोक्यात शांतपणा घेऊन तो गेला.

लवकर जाऊन बाकावर बसलेल्यांचेही पाहा. जर्मेन ओनील १९९६ साली सतराव्या वर्षी निवडला गेला. पोर्टलँड संघात चार वर्षे त्याला फारसे खेळायला मिळाले नाही. २००० साली संघ बदलला, मैदान मिळाले आणि तो सहा वेळा ऑल-स्टार झाला. गुण अंगात होताच, खेळायला मिळत नव्हते.

खर्चाची बाजू

आता दुसरा रकाना. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, एन.बी.ए.चा ४८ चा. कॉलेजात बास्केटवर चेंडू टाकायला ३० सेकंद मिळतात (२०१५ पर्यंत ३५ मिळत), तिकडे फक्त २४. कॉलेजच्या हंगामात तीस-पस्तीस सामने, तिकडे ८२. हंगाम चालू असताना आठवड्याला २० तासांहून जास्त सराव घ्यायचा नाही, असाही नियम आहे. शिकणाऱ्या मुलासाठी तो योग्यच. पण ज्याला खेळातच मुरायचे आहे त्याला हा वेळ अपुरा पडतो.

युरोपात रीत वेगळी. स्लोव्हेनियाचा लुका डोन्चिच तेराव्या वर्षी रेआल माद्रिद क्लबात गेला, सोळाव्या वर्षी मोठ्यांच्या संघात उतरला आणि २०१८ साली एकोणिसाव्या वर्षी युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कॉलेजच्या वयात तो कसलेल्या माणसांशी झुंजत होता.

आणखी एक गोष्ट. कॉलेजच्या कोचची नोकरी सामने जिंकण्यावर टिकते. पोराला दोन वर्षांनी काय यायला हवे याची काळजी करण्याइतकी सवड त्याला नसते. उंच मुलाला बास्केटखाली उभे करतो आणि तेवढेच काम देतो. सामना जिंकला जातो, पण पोरगा एककलमी राहतो.

दुखापतीची टांगती तलवार तर असतेच. २०१९ च्या फेब्रुवारीत ड्यूक कॉलेजच्या झायन विल्यमसनचा बूट सामना सुरू होताच फाटला आणि गुडघा मुरगळला. त्या सामन्याच्या तिकिटांवर लोकांनी हजारो डॉलर मोजले होते. कोचचा पगार लाखोंत आणि खेळणाऱ्या पोराला पगार नाही! सुदैवाने तो बरा झाला. नसता झाला तर?

सगळ्यांत मोठा खर्च मात्र वेगळाच आहे. नॉर्थ कॅरोलिना हे बास्केटबॉलचे नामांकित विद्यापीठ. १९९३ ते २०११ या काळात तिथे नावापुरते वर्ग चालले. शिकवणे नाही, हजेरी नाही, एक निबंध दिला की चांगले गुण. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार असे ३१०० हून अधिक विद्यार्थी होते आणि त्यांत निम्म्याच्या जवळपास खेळाडू. पोरांनी घाम दिला, त्याच्या बदल्यात विद्या मिळायची होती. हाती आले खोटे गुण. याला आम्ही फसवणूक म्हणतो.

आपल्या देशातला एक

भारतात जन्मून एन.बी.ए.च्या निवडीत आलेला पहिला खेळाडू म्हणजे पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग. सात फूट दोन इंच उंची, शेतकऱ्याचे घर. २०१० साली फ्लोरिडातल्या एका क्रीडा अकादमीची शिष्यवृत्ती मिळून तो अमेरिकेला गेला. २०१५ साली कॉलेजात न खेळताच डॅलस संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. पण एन.बी.ए.चा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. खालच्या लीगमध्ये खेळला आणि पुढे कुस्तीच्या धंद्यात गेला. कॉलेज झाले असते तर तो टिकलाच असता, असे आम्ही म्हणणार नाही. पण निवड झाली म्हणजे पोरगा मार्गी लागला, ही समजूत किती कच्ची आहे हे यावरून दिसते.

हिशेब

पैशाचा प्रश्न आता बराच बदलला आहे. २०२१ च्या जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर, जाहिरातींतून कमावता येते. २०२५ साली झालेल्या कोर्टातल्या तडजोडीने कॉलेजांनाही खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. म्हणजे हेवूडपुढे होता तसा ‘आईची चूल की कॉलेज’ हा पेच नामांकित पोरांपुरता सैल झाला. पण पैसा आला की अभ्यासाकडे दुर्लक्ष करायला आणखी एक कारण मिळते, हेही खरे.

आमचा हिशेब असा. लेब्रॉनसारखा एखादा कुठूनही गेला तरी पोचतो. त्याच्याकडे बघून बाकीच्यांची वाट ठरवू नये. उरलेल्या पोरांना कॉलेज फायद्याचे आहे, पण दोन अटींवर. पहिली अट, पोराला मैदानात खेळायला मिळाले पाहिजे. बाकावर बसवणाऱ्या मोठ्या नावापेक्षा खेळवणारे लहान नाव बरे. दुसरी अट, अभ्यास खरा असला पाहिजे. मोठ्या कॉलेजचा कोच शिष्यवृत्तीचा कागद घेऊन दारात आला की आईबापांचे डोळे दिपतात. तेव्हाच त्याला विचारावे : गेल्या पाच वर्षांत तुमच्या टीममधली किती मुले पदवी घेऊन बाहेर पडली? पोराचा गुडघा गेला तर शिष्यवृत्ती चालू राहील का? या दोन प्रश्नांना जो सरळ उत्तर देतो, त्याच्या हाती पोर द्यावे.

गुडघा पस्तिशीत थकतो. त्यानंतर माणसाला आणखी चाळीस वर्षे जगायचे असते.